फलाटावरच्या तक्त्यापासून पडद्यावरच्या आकड्यापर्यंत : वर्धा जिल्ह्यातील दूरप्रवासी आणि स्वस्त तिकिटाचा शोध

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापूस, रेल्वे आणि गांधीयुग या तीन विषयांभोवती फिरत आले आहे. त्यात गैर काही नाही. परंतु या तिन्ही विषयांच्या मधोमध एक साधा प्रश्न दुर्लक्षित राहिला आहे. या जिल्ह्यातील माणूस समुद्रापलीकडे जावयास निघाला, तर प्रवासाची किंमत त्याला कोण सांगत असे, आणि सांगितलेली किंमत खरी आहे हे तो कशाच्या आधारे मानीत असे? आज हा प्रश्न संगणकाच्या पडद्यापुढे बसून सोडविला जातो. परिषदेसाठी परदेशी जाणारा प्राध्यापक, मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस निघालेले आईवडील, उच्च शिक्षणासाठी जाणारा विद्यार्थी, सारेच रात्री जागून इंटरनेटवर सर्वांत स्वस्त विमान तिकीट शोधतात. हा शोध नवा वाटतो. वास्तविक नवे आहे ते साधन. भाड्याची माहिती कोणाच्या हाती आहे हा झगडा मात्र रेल्वेइतकाच जुना आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, गेल्या दीडशे वर्षांत दूरप्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला हे खरे असले, तरी याच काळात भाडे या गोष्टीचे स्वरूप बदलले. एकेकाळी भाडे हा सार्वजनिक दस्तऐवज होता. आज तो एका व्यक्तीपुरता, एका क्षणापुरता दाखविला जाणारा आकडा आहे. मुफस्सल भागातील प्रवाशाला या बदलातून काय मिळाले व काय गमवावे लागले, याचा विचार येथे केला आहे.

फलाटावरचा तक्ता

नागपूर जिल्ह्यातून १८६२ साली वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. आरंभी पुलगावजवळच्या कवठा येथे असलेले मुख्यालय १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविलेल्या नव्या वर्धा शहरात आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली व वर्धा मुंबई बंदराशी थेट जोडले गेले. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला. हिंगणघाटचा कापूस त्याआधीपासूनच लिव्हरपूलच्या बाजारात स्वतःच्या नावाने ओळखला जात होता. थोडक्यात, या जिल्ह्यातून लांबचा प्रवास माणसाच्या आधी गाठींनी केला, आणि गाठींचे भाडे माणसांच्या भाड्यापेक्षा अधिक काळजीपूर्वक तपासले गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा १८९० चा. त्या वर्षीच्या भारतीय रेल्वे कायद्याने प्रत्येक स्थानकावर, लोकांना सहज दिसेल अशा ठिकाणी, गाड्यांचे वेळापत्रक व त्या स्थानकापासूनच्या भाड्याचा तक्ता लावणे रेल्वे प्रशासनावर बंधनकारक केले. आणि तो इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही असावा असे म्हटले. या तरतुदीकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. वसाहतीचे सरकार रयतेला फारसे काही समजावून सांगण्याच्या भरीस पडत नसे. तथापि तिकिटाची किंमत मात्र तिच्या भाषेत भिंतीवर लावणे त्यास आवश्यक वाटले. तक्ता वाचता येणारा एखादा गावकरी बरोबर असला, की तिकीटबाबूने जास्त मागितलेला आणा लक्षात येई. किंमत सर्वांना सारखी होती आणि ती सर्वांना दिसत होती.

किंमत सारखी असली तरी वागणूक सारखी नव्हती. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये भारतीय रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी लिहिलेल्या निबंधात स्वस्त तिकीट काढणाऱ्याच्या वाट्याला येणारी गर्दी, घाण व अपमान यांचे वर्णन केले. पुढे १९३४ पासून त्यांचा मुक्काम वर्ध्यात आणि १९३६ पासून सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात झाला. स्वस्त प्रवासाची खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते, हे त्यांचे निरीक्षण विमानाच्या युगातही लागू पडते. पुढे त्याचा संदर्भ येईल.

आगबोटीच्या प्रवासात तक्त्याची ही सोय नव्हती. बोटीचा उतारू पेनिन्सुलर अँड ओरिएंटल किंवा तत्सम कंपनीच्या मुंबईतील कचेरीशी अथवा टॉमस कुकसारख्या प्रवासी संस्थेशी पत्रव्यवहार करी. वर्ध्याच्या माणसाला त्यासाठी मुंबईत ओळख लागे. जमनालाल बजाज यांच्यासारख्या व्यापारी घराण्याची मुंबईत पेढी असे. इतरांना ती नव्हती. भाड्याची माहिती ही मुंबईतील माणसाची मक्तेदारी होण्यास येथून प्रारंभ झाला, आणि ती सुमारे शंभर वर्षे टिकली.

एक हजार सातशे वीस रुपये

एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. 'मलबार प्रिन्सेस' हे त्याचे नाव. त्याआधी काही दिवस वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या जाहिरातीत महाराजाच्या चित्रासह लंडनचे भाडे १,७२० रुपये असे स्पष्ट छापले होते. या आकड्याकडे आजचा वाचक कुतूहलाने पाहतो आणि त्या काळच्या पगाराशी तुलना करतो. माझ्या मते आकड्यापेक्षा तो छापला गेला ही गोष्ट अधिक बोलकी आहे. वृत्तपत्र ज्याच्या हाती पडले त्या प्रत्येकाला, मग तो मलबार हिलवर राहणारा असो वा आर्वीत, एकच भाडे ठाऊक झाले.

असे छापणे शक्य झाले याचे कारण आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत होते. हवाई कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयाटा, १९४५ मध्ये हवाना येथे स्थापन झाली. तिच्या परिषदांत सभासद कंपन्या एकमताने भाडे ठरवीत व संबंधित सरकारे त्यास मान्यता देत. एकाच मार्गावर कोणत्याही कंपनीचे तिकीट घेतले तरी किंमत एकच. स्पर्धा उरली ती खाण्यापिण्यात. ती देखील मोकळी नव्हती. अटलांटिक मार्गावर १९५८ मध्ये इकॉनॉमी वर्ग सुरू झाला, तेव्हा या स्वस्त वर्गाच्या प्रवाशाला सँडविच किती भरगच्च द्यावे यावरून कंपन्यांत रीतसर तंटा झाला होता! विनोदाचा भाग सोडला, तरी अशा व्यवस्थेत 'सर्वांत स्वस्त तिकीट शोधणे' या शब्दप्रयोगालाच अर्थ नव्हता. तिकीट परवडत होते किंवा परवडत नव्हते, इतकेच.

वर्धेकरांच्या दृष्टीने याच काळातील एक घटना नोंदविण्याजोगी आहे. देशाच्या चार महानगरांतून रात्री निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाची व उतारूंची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या शहरी पोहोचत. ही रात्रीची हवाई टपालसेवा १९४९ च्या जानेवारीत सुरू झाली. भारताच्या मध्यावर असण्याचा लाभ विदर्भाला हवाई वाहतुकीत मिळाला तो असा. दूर परदेशी जाणाऱ्याला मात्र मुंबई, दिल्ली किंवा कलकत्ता गाठल्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शांतिनिकेतन व सेवाग्राम येथे जागतिक शांततावादी परिषद भरली. इंग्लंडच्या लेखिका व्हेरा ब्रिटन यांच्यासह अनेक देशांतील प्रतिनिधी तीसाठी सेवाग्रामला आले. जगाच्या नकाशावर सेवाग्रामचे स्थान काय होते हे यावरून दिसते. जग येथे येत होते. येथील सामान्य माणूस जगात जाऊ शकत नव्हता.

त्याला अडविणारी भिंत केवळ भाड्याची नव्हती. परकीय चलन नियंत्रणाच्या काळात परदेशाचे तिकीट रुपयांत घ्यावयाचे असले तरी 'पी' फॉर्म भरून रिझर्व्ह बँकेची संमती मिळवावी लागे. पारपत्र हा नागरिकाचा हक्क मानला जात नव्हता. सतवंतसिंग सॉहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये परदेशगमनाचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, ६ जून १९६६ रोजी, रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. आंतरराष्ट्रीय भाड्यांचा पाया परकीय चलनात असल्याने विमानाचे तिकीट एका रात्रीत भारतीयांसाठी महाग झाले. पुढे १९७९ च्या वित्त कायद्याने परदेश प्रवास कर बसविला. तो थेट २००४ च्या जानेवारीत रद्द झाला.

या पार्श्वभूमीवर एका प्रवासाचा उल्लेख टाळता येत नाही. विनोबा भावे यांचे अनुयायी सतीशकुमार व ई. पी. मेनन १९६२ मध्ये दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टन या अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्यांकडे पायी निघाले. जवळ पैसा बाळगू नका, हा पवनारच्या संताचा त्यांना सल्ला होता. तिकिटाचा प्रश्न इतक्या मुळाशी जाऊन कोणी सोडविल्याचे दुसरे उदाहरण नसावे.

यंत्रातील किंमत

आयाटाच्या एकसमान भाड्याला तडे गेले ते १९७० च्या दशकात. फ्रेडी लेकर यांच्या 'स्कायट्रेन'ने सप्टेंबर १९७७ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क एकेरी प्रवास ५९ पौंडांत देऊ केला. ती कंपनी १९८२ मध्ये बुडाली, पण वाट पडली होती. अमेरिकेने १९७८ मध्ये देशांतर्गत हवाई भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविले. कंपन्यांपुढे नवाच प्रश्न आला: एकाच विमानातील एकाच प्रकारची आसने वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या दराने कशी विकावीत? उत्तर संगणकाने दिले. अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनी १९६० च्या दशकात उभारलेली 'सेबर' ही आरक्षणप्रणाली मुळात जागांची नोंद ठेवण्यासाठी होती. आता तीच जागांची किंमत ठरविण्याचे साधन झाली. आधी आरक्षण करणाऱ्या हौशी प्रवाशाला कमी दर, आयत्या वेळी निघणाऱ्या व्यापाऱ्याला जास्त. प्रत्येक दराला रोमन लिपीतील एक अक्षर आणि प्रत्येक अक्षराला स्वतंत्र अटी. १९८५ पर्यंत ही पद्धत चांगलीच रुळली.

भारतात हे बदल एजंटाच्या काउंटरवरून कळले. एजंटापुढे पडदा होता, ग्राहकापुढे एजंट. मुंबईतील घाऊक तिकीट विक्रेते कंपन्यांकडून सवलतीची तिकिटे उचलीत, त्यांच्याकडून नागपूरचा एजंट घेई, नागपूरहून वर्ध्याचा प्रवासी. प्रत्येक पायरीवर किंमत थोडी वाढे. अशा सवलतीच्या कागदी तिकिटावर भाड्याच्या रकान्यात पुष्कळदा रक्कम न छापता केवळ दोन अक्षरे छापलेली असत. ज्या दस्तऐवजावर भाडे असावयाचे, त्यावरूनच ते नाहीसे होण्याची ही सुरुवात म्हणावी लागेल.

इंटरनेटने ही साखळी तोडली. अमेरिकेत १९९६ मध्ये 'एक्स्पीडिया' सुरू झाले. 'मेकमायट्रिप' ही भारतीय कंपनी २००० मध्ये स्थापन झाली, ती अमेरिकेतून मायदेशी येणाऱ्या भारतीयांसाठी. भारतातील ग्राहकांकडे ती २००५ मध्ये वळली. दरम्यान ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागली होती. माझ्या मते वर्ध्यासारख्या शहरातील मध्यमवर्गाला ऑनलाइन खरेदीचा विश्वास वाटू लागला तो विमानामुळे नव्हे, सेवाग्राम एक्स्प्रेस आणि विदर्भ एक्स्प्रेसच्या आरक्षणामुळे. एअर डेक्कनने २००३ पासून इंटरनेटवर स्वस्त तिकिटे विकून देशांतर्गत विमान सामान्यांच्या कक्षेत आणले. जून २००८ पासून आयाटाच्या व्यवस्थेतील कागदी तिकीट बंद झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अनेक विमान कंपन्यांनी भारतातील एजंटांचे कमिशन शून्यावर आणले. मुंबईतील ओळखीची शंभर वर्षांची गरज अशा रीतीने संपली, आणि हा लाभ लहान नाही. आर्वीचा विद्यार्थी आज लंडनच्या विद्यार्थ्याला दिसतात तीच विमाने, त्याच वेळी पाहू शकतो.

तीच विमाने पाहतो. पण तीच किंमत पाहतो का? दर दिवसातून अनेकदा बदलतात. विक्रीचा देश, चलन, शिल्लक जागा, परतीचा दिवस यांवर ते अवलंबून असतात. भाडेशोधाची प्रणाली बनविणाऱ्या 'आयटीए सॉफ्टवेअर' या कंपनीतील संगणकशास्त्रज्ञ कार्ल द मार्कन यांनी २००३ च्या सुमारास दाखवून दिले की, भाड्यांचे नियम इतके गुंतागुंतीचे आहेत की सर्वसाधारण स्थितीत सर्वांत स्वस्त भाडे सापडलेच, अशी खात्री देणे गणिती दृष्ट्या कोणत्याही संगणकाला शक्य नाही. ही कंपनी पुढे गुगलने घेतली व २०११ मध्ये तिच्या आधारे 'गुगल फ्लाइट्स' सुरू झाले. म्हणजे 'सर्वांत स्वस्त' अशी पाटी लावून पडद्यावर येणारे तिकीट हे त्या यंत्राने त्या क्षणी शोधलेल्यांपैकी स्वस्त असते. रेल्वेच्या तक्त्याशी याची तुलना करून पाहावी. आता रेल्वेही त्या वाटेने निघाली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी व दुरान्तो गाड्यांना जागा भरतील तसे भाडे चढत जाण्याची पद्धत लागू झाली. मुंबईला जाणारी नागपूरची दुरान्तो त्यात आली.

वर्ध्याच्या दारापासून

शोधाची संकेतस्थळे विमानतळापासून विमानतळापर्यंतचा हिशेब मांडतात. वर्ध्याचा प्रवास मात्र घराच्या दारापासून सुरू होतो. मुंबई येथून रेल्वेने सुमारे ७६० किलोमीटरवर आहे, नागपूर ८० किलोमीटरच्या आत. मुंबई–लंडन तिकीट नागपूर–लंडन तिकिटापेक्षा, समजा, आठ हजार रुपयांनी स्वस्त दिसले, तर सामान्यतः तेच निवडण्याकडे आपला कल असतो. मग त्यात रेल्वेचे दोन्ही वेळचे भाडे, गाडी उशिरा येईल या भीतीने मुंबईत काढलेली एक रात्र, सामानासह टॅक्सी आणि रजेचे दोन दिवस मिळवावे लागतात. आठ हजार बहुधा उरत नाहीत.

पैशांपेक्षा मोठा प्रश्न जबाबदारीचा आहे. नागपूरपासून अंतिम ठिकाणापर्यंत एकच तिकीट असेल व पहिल्या विमानाच्या विलंबाने पुढचे चुकले, तर प्रवाशाला पुढे नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते. सामानही सहसा थेट जाते. दोन स्वतंत्र तिकिटे जोडून स्वस्त प्रवास साधला, तर चुकलेल्या दुसऱ्या विमानाचा भुर्दंड पूर्णतः प्रवाशाचा. रेल्वे चुकविल्यामुळे विमान चुकले तर कोणीच उत्तरदायी नसते. शोधयंत्र अशी जोडतिकिटे सर्वांत वर दाखविते, कारण ती स्वस्त असतात. गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात जे पाहिले त्याचेच हे रूप आहे: भाड्यातून जे वजा झाले ते प्रवाशाच्या जिवावर टाकले गेले. वृद्ध आईवडिलांना प्रथमच परदेशी पाठविणाऱ्यांनी तरी मधल्या विमानतळावर सामान काढून पुन्हा जमा करावे लागणारे तिकीट घेऊ नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून रस्त्याने मुंबई गाठणे सुकर झाले, पण या जबाबदारीच्या प्रश्नात त्याने फरक पडत नाही.

किमतीचा पुरावा

आपल्यापैकी अनेकांनी शासकीय प्रवास केला असेल त्यांना आणखी एक बदल परिचित असेल. केंद्र सरकारच्या जुलै २००९ च्या आदेशाने सरकारी खर्चाचा हवाई प्रवास एअर इंडियानेच करणे आवश्यक झाले. शोधाचा प्रश्नच नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये ती कंपनी टाटा समूहाकडे गेली. त्यानंतर जून २०२२ च्या आदेशात कर्मचाऱ्याने ठराविक तीन अधिकृत संस्थांमार्फत, शक्यतो प्रवासाच्या २१ दिवस आधी, उपलब्ध असलेले सर्वांत किफायती भाडे निवडावे आणि ७२ तासांच्या आत आरक्षण केल्यास कारण द्यावे असे म्हटले. एका अर्थी शासनाने स्वस्त तिकिटाच्या शोधाला कर्तव्याचा दर्जा दिला. ज्या वस्तूची किंमत तासागणिक बदलते, तिच्याबाबत आपण त्या दिवशी सर्वांत कमी किंमतच दिली, हे लेखापरीक्षकास तीन वर्षांनी कशाने पटवून द्यावयाचे? पडद्याचे छायाचित्र जोडणे एवढाच मार्ग उरतो, आणि अनुभवी सहकारी तेच करतात.

लेखापरीक्षकाची ही अडचण इतिहासकाराचीही आहे. वर्धा स्थानकावरचे १९२० सालचे भाडे जुन्या वेळापत्रकांतून काढता येते. १९४८ चे लंडनचे भाडे वृत्तपत्राच्या संचिकेत आहे. परंतु २०१४ च्या मे महिन्यात वर्ध्याच्या एखाद्या कुटुंबाने न्यूयॉर्कचे तिकीट कितीला घेतले, हे सांगणारा सार्वजनिक दस्तऐवज नाही. शोधाची पृष्ठे विचारल्यावर तयार होतात व लगेच नाहीशी होतात. इंटरनेटच्या संग्रहांतही ती सहसा सापडत नाहीत. कंपन्यांकडे सर्व आकडे आहेत, पण ते व्यापारी गुपित आहे.

अपवाद एकच दिसतो, आणि तो आपल्या कार्यालयांत आहे. महाविद्यालये, सेवाग्रामची वैद्यकीय संस्था, वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय अशा ठिकाणी प्रवास भत्त्याच्या देयकांना तिकिटाची प्रत, भरलेली रक्कम, आरक्षणाची तारीख व बोर्डिंग पास जोडलेले असतात. आरक्षण कधी केले, कोणत्या मार्गाने केले, नागपूरहून की मुंबईहून, हे सारे एका ठिकाणी मिळते. दूरप्रवासाच्या भाड्याचा या जिल्ह्यापुरता इतका तपशीलवार पुरावा दुसरा नाही. नियमाप्रमाणे मुदत संपली की ही देयके रद्दीत जातात. त्यांतील नाव व खाते क्रमांक वगळून तारीख, मार्ग, वर्ग व रक्कम एवढी चार रकान्यांची नोंदवही इतिहास विभागाने लेखा शाखेच्या संमतीने ठेवली, तर एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचे सुट्टीतील काम होईल. घाई करण्यास कारण आहे. बोर्डिंग पास बहुधा उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतो, आणि वर्ध्याच्या दोन उन्हाळ्यांत त्यावरची अक्षरे पुसून जातात.